एकाच वेळी दोन चाली: पॉलीफोनी ऐकायची कशी आणि बसवायची कशी

मारबतीच्या मिरवणुकीत दोन मंडळांचे बँड शेजारशेजारून जातात तेव्हा दोन वेगळ्या चाली एकदम कानावर पडतात. ती पॉलीफोनी नव्हे. दोन्ही बँड एकमेकांचं ऐकत नसतात आणि दोन चालींमध्ये कुणी काही ठरवलेलंही नसतं. पॉलीफोनीत प्रत्येक चाल स्वतंत्र असते, पण दोन चालींच्या सुरांमधलं अंतर प्रत्येक ठळक मात्रेला आधीच ठरलेलं असतं. हा ठरवण्याचा भाग म्हणजेच काउंटरपॉइंट. त्याचे नियम समजायला पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन लागत नाही. पेटी आणि सरगम पुरते.

आधी गैरसमज दूर करू. जुगलबंदीत दोन कलाकार असतात, पण बहुतेक वेळ ते आळीपाळीने वाजवतात. पेटीवाला गायकाच्या मागोमाग तीच चाल काढतो, कधी अर्धी मात्रा उशिरा, कधी एखादी हरकत वेगळी. चाल मात्र एकच. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या खंजिरी भजनात पुढचा म्हणतो, मागचे झेलतात. तिथेही एकच चाल, फक्त तोंडं वेगळी. शाळांच्या समूहगानात अर्धी मुलं ‘सेकंड’ गातात, ती बहुधा मूळ चालीची वर सरकवलेली सावली असते. गिटारवर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) धरून गाणं म्हटलं तर ती हार्मनी: एक चाल, बाकीचा टेकू. पारख सोपी आहे. प्रत्येक ओळ एकटी गाऊन पाहायची. ती स्वतःच्या पायावर चाल म्हणून उभी राहिली आणि तिचा आकार दुसरीपेक्षा वेगळा असला, तर ती पॉलीफोनी.

‘आपल्या कानाला हे जमत नाही’ असं म्हणतात, ते काही पटत नाही. तबला सोलो ऐकणारा श्रोता लेहरा (पेटी किंवा सारंगीवर फिरणारी चाल) आणि कायदा (तबल्याच्या बोलांची रचना) एकदमच ऐकत असतो. लेहरा सोळा मात्रांचं चक्र फिरवत राहतो, तबला त्यावर तिप्पट, चौपट, तिहाई करतो आणि दोघं समेवर भेटतात. एक धागा धरून दुसऱ्यावर लक्ष ठेवायची ही सवय मैफलीला जाणाऱ्यांत पक्की असते. पॉलीफोनीत दुसऱ्या धाग्यालाही सूर असतात, एवढाच फरक.

आता अंतरं. पेटीवर पांढरी एक हा सा धरा आणि काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा. सा सोडून कोमल रे ही १, शुद्ध रे २, कोमल ग ३, शुद्ध ग ४, शुद्ध म ५, प ७, शुद्ध ध ९, शुद्ध नि ११, तार सा १२. दोन आवाज एकदम लागले की त्यांच्यातलं अंतर ३, ४, ८ किंवा ९ पट्ट्यांचं असेल तर ते गोड लागतं आणि पुढे जायला मोकळं असतं. ७ आणि १२ पट्ट्यांचं अंतर भक्कम, स्थिर लागतं. सुरुवात आणि शेवट त्यांवर करतात. १, २, १० आणि ११ टोचतात. एक पट्टीचं अंतर का टोचतं ते मोजता येतं: मध्य सप्तकातली पांढरी एक साधारण २६२ हर्ट्झवर असते आणि काळी एक २७७ वर. दोन्ही एकदम दाबल्या तर आवाज सेकंदाला पंधरा-सोळा वेळा हेलकावतो, कानाला तो खरखरीत लागतो. सहा पट्ट्यांचं अंतर, म्हणजे सा आणि तीव्र म, अस्वस्थ करतं.

राहिले ५, म्हणजे सा आणि शुद्ध म. आपल्याकडे सा-म हा संवाद मानतात, तंबोराही मध्यमाला लावतात. दोन आवाजांच्या काउंटरपॉइंटमध्ये मात्र हेच अंतर विसंवादी धरतात, कारण खालचा सूर पाया वाटायचं सोडतो आणि वरचाच सा आहे असं भासायला लागतं. हे लक्षात असू द्या. पुढे पुरुष-बायकांचे आवाज एकत्र आणताना घोटाळा नेमका इथेच होतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध सूर, प्रत्येक सूर दोन मात्रा, म्हणजे आठ सुरांत तीनतालाचं एक आवर्तन. डोक्यावर अनुस्वार असलेला सूर तार सप्तकातला.

वरची ओळ: प, म, प, नि, रें, सां, नि, सां
खालची ओळ: सा, रे, ग, प, म, ग, रे, सा

अंतरं मोजा: ७, ३, ३, ४, ९, ८, ९, १२. टोचणारं एकही नाही. पण अंतरं जुळली म्हणजे काम झालं असं नाही, हालचालीची दिशा त्याहून महत्त्वाची. पहिल्याच पावलाला खालची ओळ सा वरून रे वर चढते, वरची प वरून म वर उतरते. मध्यावर खालची प वरून म वर उतरते, तेव्हा वरची नि वरून रें वर झेप घेते. शेवटी रे खाली सा वर बसतो आणि नि वर सां मध्ये मिसळतो. सात हालचालींपैकी या तीन उलट दिशेच्या आहेत, आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा मोक्याच्या जागी आहेत. दोन आवाज वेगळे ऐकू येतात ते त्यांच्यामुळे. आणखी एक गोष्ट पाहा: खालच्या ओळीचा सर्वांत उंच सूर चौथ्या जागी आहे, वरच्या ओळीचा पाचव्या. शिखरं एकाच क्षणी आली तर दोन्ही ओळी एकाच चालीच्या दोन पट्ट्या वाटतात.

हेच बिघडवून पाहा. खालची ओळ तीच ठेवा आणि वर प, ध, नि, रें, सां, नि, ध, प गा. प्रत्येक ठिकाणी अंतर बरोबर सात पट्ट्या. विसंवाद औषधालाही नाही, तरी दुसरा आवाज नाहीसा होतो आणि एकच जाडसर आवाज ऐकू येतो. कारण ध्वनीत आहे. खालचा सूर २०० हर्ट्झचा असेल तर त्याच्यात ४००, ६०० असे उपस्वर असतात. सात पट्ट्या वरचा सूर ३०० चा, त्याचाही पहिलाच उपस्वर ६०० चा. उपस्वर एकमेकांवर बसतात आणि कान दोघांना एकच धरतो. बारा पट्ट्यांच्या अंतराने हे आणखी जोरात होतं. म्हणून काउंटरपॉइंटचा पहिला कडक नियम: ७ किंवा १२ चं अंतर लागोपाठ दोनदा आणायचं नाही. ३-४ किंवा ८-९ ची अंतरं ओळीने आली तर चालतात, पण सलग तीनपर्यंत. वरच्या उदाहरणात तीन, मग तीन, अशी मर्यादा अगदी काठापर्यंत वापरली आहे. चौथं आलं की सावली सुरू झालीच.

हे नियम इतके नेटके मांडले ते ऑस्ट्रियाच्या योहान योसेफ फुक्स यांनी, १७२५ साली. त्यांनी शिकवण्याचे पाच टप्पे केले आणि पहिला टप्पा आपण आत्ता केला: एका सुरासमोर एक सूर. दुसऱ्या टप्प्यात एका सुरासमोर दोन सूर येतात आणि तिथे खरी मजा येते, कारण आता टोचणारं अंतरसुद्धा वापरता येतं. वरच्या ओळीत थोडी भर घालू (ऽ म्हणजे आधीचाच सूर आणखी एक मात्रा टिकवायचा):

प ऽ, म ऽ, प ध, नि सां, रें ऽ, सां ऽ, नि ऽ, सां ऽ

तिसऱ्या जागी खाली ग टिकून असताना वर प नंतर ध येतो. ग आणि ध मध्ये पाच पट्ट्या, म्हणजे मनाई असलेलं अंतर. चौथ्या जागी प वर सां, तिथेही पाचच. तरी कान तक्रार करत नाही, कारण दोन्ही सूर कमी वजनाच्या मात्रेवर आहेत आणि दोन्हींत शेजारच्या सुरावरून येऊन त्याच दिशेने पुढच्या शेजारी जाणं आहे: प ध नि, नि सां रें. तोच ध उडी मारून आणा किंवा समेवर ठेवा, लगेच खटकेल. शिवाय एक ओळ थांबलेली असताना दुसरी चालते, हे स्वतंत्रपणा आणण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. नवशिके सुरांच्या अंतरात अडकतात आणि दोन्ही ओळींची लय एकच ठेवतात. मग नियम पाळूनही ऐकायला कॉर्डच येतात.

कॅनन हा प्रकार गटाला सर्वांत लवकर जमतो. एकच चाल, पण दुसरा गट ठरावीक मात्रांनी उशिरा सुरू करतो, म्हणजे चालीचा उत्तरार्ध तिच्याच पूर्वार्धावर बसायला हवा. आठ मात्रांच्या केहरव्याच्या दोन आवर्तनांचं हे चक्र घ्या:

पहिली ओळ: सा ऽ रे ऽ ग ग रे सा
दुसरी ओळ: प ऽ म ऽ सां प म ग

पहिला गट दुसऱ्या ओळीच्या समेवर आला की दुसरा गट पहिली ओळ उचलतो. मग गोल गोल कितीही वेळ. थांबताना दुसऱ्या गटाने सा वर आणि पहिल्याने ग वर थांबायचं. अंतरं समेपासून ७, ३, ८, ३, ३, ४. सगळी ठीक.

पण ती ठीक राहतात दोन्ही गट एकाच सप्तकात असतील तरच. एका गटात बायका आणि दुसऱ्यात पुरुष घेतले की पुरुष एक सप्तक खाली गातात आणि अर्ध्या वेळा चित्र उलटतं. पुरुष खालून प धरतात, बायका वर सा: प पासून वरच्या सा पर्यंत पाच पट्ट्या. सातचं अंतर उलटलं की पाच होतं, आणि तेही ऐन समेवर. ३ आणि ४ उलटून ९ आणि ८ होतात, ते चालतं. गाणारे म्हणतात, ‘काहीतरी चुकतंय पण सूर तर बरोबर आहेत’, त्याचं कारण हे. उपाय एका सुराचा आहे: दुसऱ्या ओळीची सुरुवात प ऐवजी ग वर करा, म्हणजे ग ऽ म ऽ सां प म ग. सुरुवातीची उलटी हालचाल गेली, पण आता वरचं खाली आणि खालचं वर केलं तरी बिघडत नाही. पहिल्या, आठ सुरांच्या उदाहरणात हा प्रश्न नको असेल तर खालची ओळ पुरुषांना आणि वरची बायकांना द्या. पांढरी एक दोघांनाही सोसते.

रागात हे करता येईल का? हो, पण किंमत मोजून. रागाची ओळख सुरांच्या यादीत नसते, चलनात असते: कुठून यायचं, कुठे थांबायचं, कोणत्या सुराला झुलवायचं. दोन ओळी एकदम चालल्या की ऐकणाऱ्याचं लक्ष चलनावरून उठून दोन सुरांमधल्या अंतराकडे जातं. मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलं, तर अंतर क्षणोक्षणी बदलतं आणि जुळवलेला हिशेब कोसळतो. आंदोलन असलेला दरबारीचा कोमल ग दोन आवाजांत वापरायचा प्रयत्न करू नका. सुरुवात भूप किंवा दुर्गाने करा. भूपात सा रे ग प ध, दुर्गात सा रे म प ध. या पाचांपैकी कोणतेही दोन सूर घ्या, त्यांच्यात १, ६ किंवा ११ पट्ट्यांचं अंतर निघतच नाही. सर्वांत वाईट टोचणी शक्यच नसल्याने चूक झाली तरी पदरात घेण्यासारखी असते. मारव्यात उलट आहे: कोमल रे सा च्या एक पट्टी वर, तीव्र म सा पासून सहा. तो राग एका आवाजासाठीच राहू द्यावा, असं आमचं मत.

मराठी भजनात दुसरी अडचण शब्दांची. अभंगात शब्द कळला नाही तर उरलं काय? दोन गट वेगवेगळे चरण एकदम म्हणू लागले की एकही कळत नाही. युरोपातही हीच तक्रार होती. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेत चर्चच्या संगीतात शब्द ऐकू येत नाहीत यावर वाद झाला होता. म्हणून अभंगाच्या चरणांना हात लावू नये. नामगजर मात्र यासाठी उत्तम: दोनच शब्द, सगळ्यांना पाठ, कितीही वेळा फिरवा. एका गटाने चरण गायला आणि दुसऱ्याने खालून लांब सुरांत ‘विठ्ठल’ धरलं, तरी शब्द शाबूत राहतो.

हिंदी सिनेमात हे आपण नकळत ऐकत आलो आहोत. सलील चौधरींच्या रचनांत गाण्याच्या चालीमागे बासरी किंवा व्हायोलिन स्वतःची वेगळी चाल चालवतात. शंकर-जयकिशनकडे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर (वाद्यांच्या ओळी बांधणारे) होते, त्यांच्या व्हायोलिनच्या ओळीही अशाच. वादकांच्या बोलण्यात याला ‘काउंटर’ म्हणतात. जुनं गाणं लावा आणि गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त व्हायोलिन गुणगुणत राहायचा प्रयत्न करा. पहिल्या दोनदा जमत नाही.

पुढची पायरी म्हणजे जर्मन संगीतकार बाख. त्यांनी १७२३ मध्ये स्वच्छ लिहून काढलेल्या दोन आवाजांच्या पंधरा इन्व्हेन्शन, म्हणजे छोट्या रचना, खास विद्यार्थ्यांसाठी आहेत. पहिलीचा विषय सरगमीत लिहिला तर सा रे ग म रे ग सा प असा सुरू होतो, अगदी आपल्या पलट्यासारखा. उजवा हात तो म्हणतो, अर्ध्या मापाने डावा हात तोच एक सप्तक खाली उचलतो. इथून फ्यूग फार दूर नाही: एक आवाज विषय मांडतो, दुसरा तोच पंचमावरून म्हणतो, तोवर पहिला त्याच्यासोबत दुसरी चाल चालवतो, मग तिसरा येतो. १७२२ च्या त्यांच्या संग्रहात सगळ्या पट्ट्यांतले चोवीस प्रिल्यूड आणि फ्यूग आहेत, त्यांत दोन फ्यूग पाच आवाजांचे. पाचही वेगळे ऐकू येत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. संगीताचे संशोधक डेव्हिड ह्यूरन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एकाच जातीच्या वाद्यावर तीनपेक्षा जास्त आवाज झाले की संगीत शिकलेल्यांच्याही मोजण्यात चुका वाढतात. ऐकण्याची रीत अशी: पहिल्यांदा फक्त सर्वांत खालचा आवाज, दुसऱ्यांदा फक्त वरचा, तिसऱ्यांदा विषय कुठून डोकावतो तेवढंच. आणि हा केवळ युरोपचा मामला नाही. जॉर्जियाच्या खेड्यांतलं तीन आवाजांचं गाणं कागदावर न लिहिता पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. यूनेस्कोने २००१ मध्ये त्याची दखल घेतली.

आता मंडळात किंवा क्लासमध्ये बसवायचं कसं ते. दहा-बारा जण असतील तर खालच्या ओळीला जास्त माणसं द्या, वरचा आवाज कानात आपोआप पुढे येतो. दोन्ही ओळी सगळ्यांना पाठ झाल्याशिवाय गट पाडू नका. दुसऱ्याची ओळ ठाऊक नसेल तर गाणारा ती ऐकणं टाळतो, कान बंद करून ओरडतो आणि बेसूर होतो. पहिल्यांदा एकत्र आणताना एका गटाने शब्दांत गायचं, दुसऱ्याने फक्त गुणगुणायचं, मग अदलाबदल. लय मिनिटाला ७० मात्रांच्या आसपास ठेवा. फार विलंबित घेतली तर सूर टिकवता टिकवता खालचा गट उतरतो. घसरण बहुतेक वेळा जिथे दोन्ही ओळी एकाच दिशेने जातात तिथेच होते, वरच्या उदाहरणात रें सां नि च्या जागी. खालच्या गटातले नवखे तिथे वरच्यांना जाऊन मिळतात. तेवढा तुकडाच वेगळा घोटून घ्या.

पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. साथ करायची त्याची सवय इतकी मुरलेली असते की तो जोरात गाणाऱ्याच्या मागे जातो, आणि दुसरा गट हळूहळू पेटीच्या मागे. त्याने फक्त खालची ओळ वाजवावी, कॉर्ड नकोत, हरकती तर मुळीच नकोत. ओळी बसल्या की पेटीही बंद. पेटीचा शुद्ध ग नैसर्गिक ग पेक्षा किंचित चढा असतो, साधारण अर्ध्या पट्टीच्या चौथ्या भागाहून थोडा जास्त. दोन आवाज पेटीशिवाय गायले की ४ चं अंतर आपोआप खाली येऊन नितळ लागतं. सूर घेण्यापुरता तंबोरा ठेवा, गाताना तोही थांबवा. अखंड सा घुमत असेल तर नि आणि रे च्या जागा त्याच्याशी भांडतात आणि दोष गाणाऱ्यांवर जातो.

आणि एप्रिल-मेमध्ये तालीम असेल तर खोलीतला कूलर तेवढी दहा मिनिटं बंद करा, घाम आला तरी. त्याची घरघर खालच्या सुरांना गिळते, पुरुषांची ओळ ऐकूच येत नाही आणि बायका आधाराशिवाय चढत जातात. सोय होत नसेल तर पहाटे सहाची तालीम ठेवा.